पाच तास अकरा मिनिटांचा दिवस

दुपारी ३:००

शेवटचं प्रॅक्टिकल आटोपलं की मी आधी ढग बघते. हवामान खात्याच्या उपग्रहचित्रात अरबी समुद्रावर पांढरा पट्टा नसला आणि वारा उत्तरेचा असला, तर रात्र आपली. डिसेंबरातली कोरडी हवा आहे, अमावास्या जवळ आली आहे, आणि आजचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे: ८७ सिल्व्हिया.

हा लघुग्रह मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरतो. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रह सारखे विखुरलेले नाहीत. पृथ्वी ते सूर्य हे अंतर एक एकक धरलं तर सूर्यापासून ३.२७ एककांवर एक फट आहे. तिथे फिरणाऱ्या दगडाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूची एक होते. त्यामुळे गुरूची ओढ पुन्हापुन्हा तशीच बसते आणि कक्षा बिघडत जाते. बहुतेक लघुग्रह या फटीच्या अलीकडेच संपतात. सिल्व्हिया पलीकडे, सरासरी ३.४८ एककांवर, सिबिली गटातल्या मोजक्या मंडळींत राहते. तिचं वर्ष आपल्या साडेसहा वर्षांचं. दिवस मात्र ५ तास ११ मिनिटांचा.

या छोट्या दिवसासाठीच तिची निवड केली आहे. ज्या लघुग्रहाला स्वतःभोवती फिरायला दहा-बारा तास लागतात, त्याचं चक्र एका रात्रीत मावत नाही. तुकडे जोडत बसावं लागतं. सिल्व्हियाचा अख्खा दिवस आपल्या एका रात्रीत बसतो, वर थोडा वेळही उरतो.

दुपारी ४:००

गाडीत सामान चढतं: आठ इंची दुर्बीण, माउंट, कॅमेरा, लॅपटॉप, बॅटरी, दंव धरू नये म्हणून नळीला गुंडाळायचा हीटर पट्टा, दोन शाली, थर्मास. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी सोबत आहे.

"बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना रे?"

"हो मॅडम. आणि लॅपटॉपचे अपडेट बंद करून ठेवलेत."

मुलगा तयार झाला आहे. मध्यरात्री लॅपटॉपने स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं ठरवलं, तर मोजणीत जे खिंडार पडतं ते भरून निघत नाही.

संध्याकाळी ५:००

जुन्नर तालुक्यातलं हे शेत एका ओळखीच्या शेतकऱ्याचं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते बांधावर उभेच असतात.

"बाई, या आठवड्यात लाइट दिवसाची आहे. रात्री पाणी धरायला कुणी येणार नाही."

आमच्यासाठी ही हवामानापेक्षा मोठी बातमी. कृषिपंपाची वीज रात्रपाळीची असली की शेताशेतातून विजेऱ्या फिरतात आणि विहिरीवरचा दिवा रात्रभर जळतो. आबा दुसरी बातमी देतात: पलीकडच्या उसाची तोड सुरू झाली आहे. ऊस पडला की बिबट्या उघड्यावर येतो, म्हणून एकट्याने गाडीपर्यंतही जायचं नाही. या तालुक्यात हे कुणी दोनदा सांगत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या. आमची आठ इंची नळी त्या शेजारात अगदीच धाकटी. पण मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागून, रांगेत उभं राहून मिळतो. एका लघुग्रहाकडे सलग सहा तास बघत बसण्याची चैन धाकट्यांनाच परवडते.

संध्याकाळी ५:३०

माउंटचे तीन पाय रोवून होतात, तेवढ्यात तारीख बदलते. निरीक्षणाच्या नोंदी ज्युलियन दिनांकात होतात. तो दिवस ग्रिनिचच्या दुपारी बारा वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. युरोपातल्या निरीक्षकाचा दिनांक एका रात्रीत बदलू नये म्हणून ही सोय झाली, आणि तिचा फायदा आपल्यालाही होतो. आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात पडते. मध्यरात्री तारीख बदलण्याचा घोळच नाही.

संध्याकाळी ६:१५

सूर्य मावळला आहे आणि चांदण्या उगवायच्या आहेत. या वीसेक मिनिटांत 'फ्लॅट' घ्यायचे. दुर्बीण डोक्यावरच्या कोऱ्या, एकसारख्या उजळलेल्या आकाशाकडे वळवून फोटो काढायचे. त्यात कॅमेऱ्याचे सगळे दोष उघडे पडतात: काचेवरचा धुळीचा कण वर्तुळासारखा दिसतो, चित्राचे कोपरे मधल्या भागापेक्षा अंधारे येतात. नंतर रात्रीच्या प्रत्येक चित्राला या कोऱ्या चित्राने भागलं की दोष निघून जातात. आज आम्हाला शंभरात एक भाग एवढा फरक ओळखायचा आहे. धुळीचा एक कण त्याहून मोठी लबाडी करू शकतो.

संध्याकाळी ७:००

उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर ध्रुव. जेवढे आपले अक्षांश, तेवढी त्याची उंची. माउंटचा अक्ष त्याच्याकडे रोखला की यंत्र पृथ्वीच्या फिरण्याला तोड देत ताऱ्यांमागे चालू लागतं. कॅमेरा उणे दहा अंशांपर्यंत थंड होतो. तोवर मुलगा जीपीएसवरून लॅपटॉपचं घड्याळ लावतो.

वेळ चुकली तर या कामात काही उरत नाही. सिल्व्हिया ज्या वेधशाळेतून सापडली, त्या मद्रास वेधशाळेचाही वेळ हाच मोठा धंदा होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ येण्याआधी देशभरातल्या रेल्वेगाड्या मद्रास वेळेवर धावत. आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ती जवळजवळ नऊ मिनिटं मागे होती. मुंबईचं स्वतःचं घड्याळ वेगळं होतं, पण बोरीबंदरवरून सुटणाऱ्या गाडीचं वेळापत्रक मद्रासच्या तारे पाहणाऱ्यांनी लावलेल्या वेळेवर बेतलेलं असे.

रात्री ८:००

सिल्व्हिया आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येऊन, म्हणजे तिची प्रतियुती होऊन, आठवडा झाला आहे. वृषभ राशीत, पूर्वेला हाताच्या उंचीवर ती असायला हवी. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. ही बाराव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे त्या शेवटच्या ताऱ्याहून सुमारे अडीचशे पट मंद. पडद्यावर पहिलं चित्र उमटतं. दोन-अडीचशे ठिपके, सगळे सारखे.

"यातली कुठली मॅडम?"

"कालचं चित्र शेजारी लाव."

दोन चित्रं आलटूनपालटून दाखवली की एक ठिपका उडी मारतो. तीच ती. नॉर्मन पॉगसनकडे उडी दाखवणारं यंत्र नव्हतं. हा इंग्रज खगोलज्ञ १८६१ मध्ये मद्रासला सरकारी खगोलज्ञ म्हणून आला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्याने एशिया हा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह. १६ मे १८६६ रोजी त्याला सिल्व्हिया सापडली. त्या काळी ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवून दुर्बिणीतून एकेक तारा ताडून पाहायचा, आणि नकाशात नसलेला एखादा दिसला की तो सरकतो का, हे पुढच्या रात्री बघायचं. छायाचित्रावरून पहिला लघुग्रह सापडला तो १८९१ च्या डिसेंबरात, जर्मनीत मॅक्स वोल्फला. पॉगसन त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारला होता. त्याचे सगळे लघुग्रह डोळ्यांनी धरलेले.

रात्री ८:२०

मोजणी सुरू. एक मिनिटाचं एक चित्र, लागलीच दुसरं. आता सव्वादोनपर्यंत यंत्र हेच करत राहील.

पडद्यावर जे घडताना दिसतं ते ताजं नसतं. सिल्व्हिया आज आपल्यापासून अडीच एककांवर आहे; तिथून उजेड यायला वीस मिनिटं लागतात. आठ वाजून वीस मिनिटांनी आमच्याकडे नोंदला गेलेला प्रकाश तिथून आठला निघाला. अंतर रात्रीगणिक बदलतं, तशी ही उधारीही बदलते. तिचा हिशेब केला नाही तर वेगवेगळ्या महिन्यांतल्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

रात्री ९:००

पहिली चाळीस चित्रं हाती आली. कच्चा अंदाज घ्यायला हरकत नाही.

पद्धत सोपी. चित्रात सिल्व्हियाच्या आसपास चार-पाच तारे असे निवडायचे, ज्यांचं तेज बदलत नाही आणि ज्यांची प्रत सूचीत पक्की दिलेली आहे. प्रत्येक चित्रात त्यांच्याशी तिची तुलना करायची. विरळ ढग गेला किंवा धूर आला तर तारे आणि सिल्व्हिया सगळेच सारखे मंदावतात, तुलना टिकते.

ही तुलना मांडायची ती प्रतींच्या भाषेत, आणि इथे पॉगसन पुन्हा भेटतो. ताऱ्यांना पहिल्या ते सहाव्या प्रतीत बसवायची रीत प्राचीन, ग्रीकांची. पण एका प्रतीचा फरक म्हणजे उजेडात नेमका किती पट फरक, यावर एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांचं एकमत नव्हतं. १८५६ मध्ये, ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत असताना, पॉगसनने पुढच्या वर्षासाठी ३६ लघुग्रहांच्या प्रतींचा तक्ता तयार केला. लघुग्रह जवळ-लांब होतो तसं त्याचं तेज किती बदलेल हे गणिताने काढायचं, तर एक ठरलेलं गुणोत्तर लागतं. त्याने सुचवलं: पाच प्रती म्हणजे बरोबर शंभर पट. म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. आज साऱ्या जगातल्या दुर्बिणी, अंतराळातल्यासुद्धा, हेच गुणोत्तर वापरतात. दूरच्या दीर्घिकांचं तेज ज्या मापाने मोजतात, ते लघुग्रहांच्या वेळापत्रकासाठी बेतलेलं होतं. दहा वर्षांनी मद्रासमध्ये त्याच माणसाने जो ठिपका शोधला, तो आम्ही आज त्याच्याच मापाने मोजतो आहोत.

रात्री १०:००

आलेखाचे बिंदू खाली उतरत होते, ते आता सपाट झाले. पावणेनऊच्या सुमारास सिल्व्हिया सर्वांत तेजस्वी होती, दहाला सर्वांत मंद. फरक साडेतीन दशांश प्रतीचा. पॉगसनच्या हिशेबाने जवळजवळ १.४ पट.

सिल्व्हियाचा स्वतःचा उजेड नाही. ती उन्हात आहे आणि तिचं ऊन बदलत नाही. मग तेज का बदलतं? आपल्याकडे वळलेली बाजू लहान-मोठी होते म्हणून. लांबुळका दगड फिरताना कधी कूस दाखवतो, कधी टोक. एका फेरीत कूस दोनदा आणि टोक दोनदा समोर येतं, म्हणून आलेखात दोन डोंगर आणि दोन दऱ्या दिसायला हव्यात. १.४ चा अर्थ असा की तिची लांबी रुंदीच्या निदान १.४ पट आहे. चिलीतल्या व्हीएलटी या महादुर्बिणीने तिची लांबी सुमारे ३६० किलोमीटर आणि रुंदी २५० किलोमीटर मोजली आहे. आमच्या गुणोत्तराशी हे जुळतं.

आम्हाला मात्र यातलं काहीही दिसत नाही. सदतीस किलोमीटरवर ठेवलेलं दहा रुपयांचं नाणं जेवढं भासेल, तेवढी ती आकाशात आहे. पडद्यावर कितीही मोठं केलं तरी ठिपक्याचा मोठा ठिपका होतो. मुलाला पहिल्या रात्री याची निराशा वाटली होती. आज तो पडद्यावरच्या चित्राकडे वळूनही बघत नाही, त्याचं लक्ष आलेखाकडे आहे.

रात्री ११:१५

दुसरा डोंगर. पहिल्यापेक्षा किंचित बुटका. दोन्ही कुशी सारख्या नाहीत.

या ठिपक्यात आणखी दोघं आहेत. १८ फेब्रुवारी २००१ रोजी मायकेल ब्राउन आणि जाँ-लुक मार्गो यांना हवाईच्या केक दुर्बिणीतून सिल्व्हियाचा एक चंद्र दिसला. फ्रांक मार्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतून दुसरा शोधला, आणि २००५ मध्ये तो जाहीर झाला. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिला लघुग्रह. पॉगसनने नाव ठेवलं होतं ते रोमच्या दंतकथेतल्या जुळ्यांच्या आईचं, म्हणून चंद्रांना जुळ्यांची नावं मिळाली, रोम्युलस आणि रीमस. रीमस सुमारे सातशे किलोमीटरवरून ३३ तासांत फेरी घालतो, रोम्युलस १,३६० किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक वेळात.

चंद्र असला की मालकाचं वजन करता येतं: किती दूरचा चंद्र किती वेगाने फिरतो, त्यावरून ओढ कळते आणि ओढीवरून वस्तुमान. सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटीच्याही आत भरते. भरीव दगड पाण्याच्या अडीच-तीन पट असतो. म्हणजे आत बर्फ असावा आणि पोकळ्या असाव्यात. अशा पोकळ्या मोठ्या टकरीत फुटून पुन्हा गोळा झालेल्या दगडात राहतात. टकरीचा पुरावा बाहेरही सापडतो. २०१० मध्ये तिच्या आसपासच्या कक्षांत तिच्याच तुकड्यांचं एक कुटुंब ओळखलं गेलं. चंद्रही बहुधा त्याच मोडतोडीतले.

पॉगसनने १८६८ मध्ये मद्रासहून कॅमिला शोधली. तीही सिबिली गटातली, तिचा दिवस तर पाच तासांच्याही आत, आणि तिलाही दोन चंद्र निघाले, एक २००१ मध्ये आणि दुसरा २०१६ मध्ये. असं वेगाने फिरणारं, लांबुळकं, चंद्रवालं बिऱ्हाड पट्ट्याच्या या टोकाला पुन्हा भेटतं, तेव्हा त्यांच्या जन्माची रीतही सारखी असेल का, हा प्रश्न साहजिक पडतो.

मध्यरात्र १२:०५

सिल्व्हिया मध्यमंडलावर आली, जवळजवळ डोक्यावर. आता माउंटची कोलांटी. दुर्बीण अक्षाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवली नाही तर नळी ट्रायपॉडच्या पायाला जाऊन भिडते. फिरवायचं, ठिकाण पुन्हा जुळवायचं, फोकस तपासायचा. यात सहा-सात मिनिटं जातात. ही वेळ डोंगराच्या माथ्यावर किंवा दरीच्या तळाशी येणार नाही, हे दुपारीच पाहून ठेवलेलं असतं. उतारावरचे चार बिंदू गेले तर चालतात. तळाचे गेले तर रात्र अर्धी वाया.

पलीकडच्या वस्तीवर कुत्री भुंकू लागतात आणि मग एकदम गप्प होतात. आबांचा मुलगा मोठी विजेरी घेऊन येतो. तिच्या काचेवर लाल कागद चिकटवायचा हे तो केव्हाच शिकला आहे.

"काही नाही मॅडम, तरस असंल. चहा आणलाय."

रात्री १२:३५

दुसरी दरी. दरम्यान सिल्व्हिया ताऱ्यांमध्ये पश्चिमेकडे सरकली आहे. म्हणजे ती वक्री आहे. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने पुढे जाते, म्हणून बाहेरचा ग्रह प्रतियुतीच्या सुमारास मागे पडताना दिसतो. पंचांगातला मंगळ, गुरू, शनी वक्री होतो तो याच कारणाने. तासाला अर्ध्या कलेहून कमी, रात्रभरात चंद्रबिंबाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याएवढी ही चाल. तेवढ्यातही वाटेत एखादा मंद तारा तिच्या ठिपक्यात मिसळू शकतो आणि तेज खोटं वाढतं. अशी चित्रं नंतर गाळायची, म्हणून वेळ लिहून ठेवायची.

रात्री १:३१

आठ वाजून वीस मिनिटांनी जी बाजू समोर होती ती पुन्हा समोर आली. तिच्यावर एक दिवस झाला. तिथे उभं राहणाऱ्याला सूर्य आपल्यापेक्षा साडेतीन पट लहान दिसला असता, ऊन बाराव्या हिश्श्याचं, आणि उगवून मावळायला साधारण अडीच तास.

इथे थांबायचं नाही. सव्वादोनपर्यंत पुढच्या दिवसाची सुरुवातही नोंदायची. शेवटचे बिंदू आणि सुरुवातीचे बिंदू एकावर एक बसले तरच मधल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा. सुरुवातीला ती पूर्वेला तिरपी होती, आता डोक्यावरून पश्चिमेला कलली. हवेच्या जाडीचा परिणाम नीट वजा झाला की नाही, याची परीक्षा इथे होते.

रात्री २:१५

दुर्बिणीला टोपण. तेवढ्याच तपमानाला, तेवढ्याच एका मिनिटाची अंधारी चित्रं घ्यायची, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करता येतो. शाली दंवाने ओल्या झाल्या आहेत. नळी पुसून मगच खोक्यात जाते, नाहीतर आरशाला बुरशी धरते. सामान आवरून तीन वाजता पडवीत आडवं व्हायचं.

सकाळी ९:००

तीनशेच्या वर चित्रं. अंधारी वजा, फ्लॅटने भागाकार, प्रत्येकात सिल्व्हिया आणि तुलनेचे तारे यांची बेरीज-वजाबाकी. संगणकाला यासाठी चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. मद्रास वेधशाळेत हे काम माणसं करत. पॉगसनची मुलगी आयसिस १८७३ पासून तिथे गणनेचं काम करत होती, पुढे वर्षानुवर्षं. वेधशाळेतले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. त्यांच्या नोंदींना जे शिस्तीचं वळण होतं, तेच आजही लागतं: कच्ची नोंद खोडायची नाही, गाळलेल्या चित्राचं कारण लिहायचं.

सकाळी १०:३०

आलेख तयार. दोन डोंगर, दोन दऱ्या, दोन्ही टोकं जुळलेली. मुलगा फेरीचा काळ काढतो: पाच तास बारा मिनिटं, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे.

"मॅडम, सूचीत तर ५.१८३६४ तास दिलंय. एवढे दशांश कुणाला आणि कसे मिळाले?"

एका रात्रीत कुणालाच नाही. वर्षभरात सिल्व्हियाच्या सुमारे १,६९० फेऱ्या होतात. आजचा माथा आणि वर्षापूर्वीचा माथा, दोन्ही मिळून तीन मिनिटांच्या चुकीने धरले आणि मधल्या फेऱ्यांचा आकडा चुकला नाही, तर ती चूक १,६९० फेऱ्यांत वाटली जाते. एका फेरीच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग येतो. अनेक देशांतल्या, अनेक दशकांतल्या नोंदी अशा ओळीने लावल्या की दशांश वाढत जातात. त्यातल्या कित्येक नोंदी आमच्यासारख्या छोट्या दुर्बिणींच्या आहेत.

सकाळी ११:००

नोंदी लघुग्रहांच्या प्रकाशवक्रांच्या जागतिक संग्रहाला पाठवायच्या: वेळ, प्रत, चूक, वापरलेले तारे. फिनलंडचे मिको कासालाइनन यांनी अशा वक्रांवरून लघुग्रहाचा आकार गणिताने उलगडायची पद्धत २००१ च्या सुमारास बसवली. तिला वेगवेगळ्या दिशांनी पाहिलेले वक्र लागतात. या प्रतियुतीला सिल्व्हियाची जी कूस समोर आली, ती पुढच्या वेळी तशीच येणार नाही. पुढची प्रतियुती चौदा महिन्यांनी, फेब्रुवारीत. तेव्हा ती वृषभेतून पुढे सरकलेली असेल, आपण तिच्याकडे दुसऱ्या कोनातून बघू, आणि साडेतीन दशांशाचा फरक कमी-जास्त झालेला निघेल. तो किती बदलला, यावर अक्ष कुठे कललेला आहे ते ठरतं. मुलाने तोवर एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेला असेल, पण नोंदवहीत त्याने ती तारीख आत्ताच लिहून ठेवली आहे. साडेअकराला त्याचं लेक्चर आहे आणि ते मीच घेणार आहे.